डोकं का उठतं?

परभणी येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान

परभणी जिल्ह्यात एखाद्या बाईचं डोकं महिन्यातून आठ-दहा दिवस दुखत असेल, तर घरातून तिला पहिलं उत्तर मिळतं: पित्त झालंय. मेडिकलवाला सांगतो, सायनस असेल. शेजारचे गुरुजी सुचवतात, नंबर लागला असेल, डोळे तपासून घ्या. ही सगळी उत्तरं आपुलकीनेच दिलेली असतात, पण बहुतेक वेळा ती चुकतात. बाई सुंठ उगाळून कपाळावर लेप देते, फडक्याने डोकं गच्च आवळते, किराणा दुकानातून पट्टीतली एक गोळी कापून आणते आणि पुन्हा भाकरी थापायला बसते. विचारलं तर एवढंच म्हणते, “डोकं लई ठणकायलंय, पण ते नेहमीचंच हाय.”

त्या ‘नेहमीचंच’पाशी थांबायला हवं. नेहमी दुखणाऱ्या डोक्यामागे नेहमीचं काहीतरी कारण असतं, आणि ते स्कॅनच्या फिल्मवर क्वचितच उमटतं. ते दिवसाच्या वेळेत, महिन्याच्या तारखेत, शेतातल्या कामात, उपासात आणि गोळ्यांच्या पट्टीत सापडतं.

हे दुखणं किती पसरलेलं आहे? शेजारच्या कर्नाटकात बंगळुरू शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेच्या संशोधकांनी 18 ते 65 वयाच्या माणसांची घरोघर जाऊन पाहणी केली. वर्षभरात कधी ना कधी डोकं दुखल्याचं 63.9 टक्के लोकांनी सांगितलं. 25.2 टक्क्यांचं दुखणं अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या, व्याख्येत बसलं. दर चार माणसांत एक! बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त. डोकेदुखी हा शहरी, खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार आहे हा समज त्या पाहणीत टिकला नाही.

मुळात मेंदूला स्वतःला दुखत नाही. वेदना जाणणारे तंतू मेंदूच्या पेशीजालात नसतात. म्हणूनच रुग्ण जागा ठेवूनही मेंदूची शस्त्रक्रिया करता येते. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं, त्यांतल्या रक्तवाहिन्या, कवटीवरचे आणि मानेचे स्नायू. यातली बरीचशी वार्ता ट्रायजेमिनल नावाची चेहऱ्याची नस मेंदूकडे नेते. तीच नस डोळा, गाल, नाक आणि दात यांचीही खबर नेते. त्यामुळे दुखण्याचा उगम आवरणात असला तरी माणसाला वाटतं डोळ्यामागे ठणकतंय, गालाच्या हाडात भरून आलंय. त्यातच नाक चोंदतं, डोळ्याला पाणी येतं आणि सायनसचा शिक्का बसतो. अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असं सांगणारे 2,991 लोक तपासले गेले. त्यांतल्या 88 टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या जातीचं निघालं. खऱ्या सायनसच्या दुखण्यात ताप असतो, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, आणि महिन्यामागून महिना ठरावीक दिवशी ते येत नाही.

पित्ताचीही गोष्ट अशीच उलगडते. अर्धशिशीचा झटका आला की पोटाची हालचाल मंदावते. मळमळतं, आंबट पाणी येतं, उलटी होते, आणि उलटीनंतर पुष्कळांना खरोखर बरं वाटतं. अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. पोट बिघडलं म्हणून डोकं उठलेलं नसतं. डोकं उठण्याच्या त्याच प्रक्रियेत पोटही ओढलं जातं. पोट मंदावल्यामुळेच उशिरा घेतलेली गोळी आत पडून राहते, लागू पडत नाही, आणि बाई दुसरी घेते.

अर्धशिशी नेहमी अर्ध्याच डोक्यात असते असं नाही. ती चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालते, ठोके पडल्यासारखी ठणकते, जिना चढला किंवा वाकून झाडलं की वाढते. उजेड आणि आवाज सोसत नाही. फोडणीचा, अत्तराचा, उदबत्तीचा वास नकोसा होतो. काहींना आधी वीस-पंचवीस मिनिटं डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा दिसतात. ब्राझीलचे लेआओ यांनी 1944 मध्ये मेंदूच्या पृष्ठभागावरून संथपणे सरकत जाणाऱ्या विद्युत बदलाच्या लाटेचं वर्णन केलं होतं. या रेषांमागे ती लाट असते असं आज मानलं जातं. हे अंगात येणं नाही आणि नजर लागणंही नाही. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता बरीच असते. घरात मावशी, आजी अशीच अंधाऱ्या खोलीत पडून राहायची का, हे विचारलं तर निम्मं निदान बाजेवर बसल्या बसल्या होतं. सुश्रुतसंहितेत अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत अर्धावभेदक आहे, आणि सूर्याबरोबर चढत-उतरत जाणारा सूर्यावर्तही आहे. त्या जुन्या वैद्यांनी डोकेदुखीची वेळ पाहिली होती, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

झटका कशाने पेटतो, याची यादी जगभर साधारण सारखी आहे: उपाशी राहणं, झोप कमी किंवा जास्त होणं, ऊन, प्रवास, पाळी. भारतातल्या एका कारणाची नोंद मात्र मुंबईत झाली. डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी 2006 मध्ये ‘सेफॅलॅल्जिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात 94 भारतीय रुग्णांची निरीक्षणं छापली. डोक्यावरून न्हायलं की त्यांचं मायग्रेन उठत असे. परदेशी ग्रंथांत या कारणाला जागा नव्हती, आणि इथे तर ते घराघरांत ठाऊक होतं. लांब केस, ते ओले असतानाच बांधलेला अंबाडा, आणि बाहेर ऊन. आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. पाळीच्या चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायची रीत अनेक घरांत आहे. पाळीच्या आधी शरीरातलं इस्ट्रोजेन उतरतं आणि पाळीच्या आगेमागे अर्धशिशी हटकून येते. त्याच दिवसांत न्हाणं आलं, त्यात एखादा उपास आला, की झटक्याला आणखी निमित्त लागतच नाही. सासू म्हणते पाण्याने झालं, सून म्हणते उपासाने झालं. दोघींचंही थोडं थोडं खरं असतं. अशा बाईने उपासाच्या दिवशी न्हाऊ नये, केस धुतल्यावर पूर्ण वाळवावेत आणि उन्हात जाऊ नये, एवढ्यानेही महिन्यातला एखादा झटका वाचतो.

उपासाबद्दल नीट बोललं पाहिजे, कारण तो श्रद्धेचा विषय आहे आणि श्रद्धा दुखावून आरोग्य सुधारत नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटात साबुदाणा आणि चार कप चहा, एवढंच असतं. रमजान उन्हाळ्यात आला, जसा 2019 मध्ये मे महिन्यात आला होता, तर चौदा तासांच्या आसपास पाण्याचा थेंबही नाही. रमजानच्या पहिल्या दिवसांच्या डोकेदुखीवर सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी लिहिलं आहे, आणि तिचं एक मोठं कारण भूक नव्हे, चहा-कॉफी अचानक बंद होणं हे आहे. रोज पाच-सहा कप चहा पिणाऱ्याचा चहा तुटला की बारा ते चोवीस तासांत डोकं जड होतं. यावर उपाय सोपा आहे: आठवडाभर आधीपासून कप कमी करत आणायचे, पहाटेची सहरी चुकवायची नाही. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपासाला हात घालू नये.

ताणाची डोकेदुखी अर्धशिशीइतकी छळत नाही. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, मान आखडते, उलटी नसते, काम चालू राहतं. शिकवणीला जाणारी मुलं, रात्री मोबाइलवर जागणारे तरुण, कर्जाच्या हप्त्याच्या तारखेकडे डोळे लावून बसलेला शेतकरी, पहाटे अंधारात फडात उतरणारे ऊसतोड मजूर या सगळ्यांत ती असते. झोप नीट झाली तर यातली बरीचशी आपोआप ओसरते.

आता गोळ्यांकडे वळू. वारंवार डोकं दुखण्याचं एक कारण खुद्द डोकेदुखीची गोळी असते, हे ऐकून माणसं अविश्वासाने बघतात. पण डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या आजाराला स्वतंत्र स्थान आहे. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या, किंवा अर्धशिशीवरची अर्गोटामीन, ट्रिप्टान ही औषधं 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, की आधीपासून डोकेदुखी असलेल्या माणसाचं डोकं जवळजवळ रोज दुखू लागतं. इथे गोळ्यांची संख्या नव्हे, गोळी घेतलेले दिवस मोजायचे. मेंदू औषधाला सरावतो, गोळीचा असर उतरला की नवी वेदना उभी राहते, आणि ती शमवायला पुन्हा गोळी लागते. बऱ्याच मिश्र गोळ्यांत कॅफिन असतं, म्हणजे चहा तुटल्याचं दुखणंही त्यात आलंच.

किराण्यात, पानटपरीवर, बसस्थानकाबाहेर अशा गोळ्या सहज मिळतात. ज्या बाईला रोज मजुरीला जायचंय, तिने दोन रुपयांत दिवस सावरला तर तिला दोष देता येणार नाही. दवाखान्यात जायचं म्हणजे मजुरी बुडते, भाडं जातं, आणि शेवटी “रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही” ऐकून परत यायचं. अर्धशिशीत सिटी स्कॅन बहुधा नॉर्मलच येतो. नॉर्मल स्कॅनचा अर्थ एवढाच, की गाठ किंवा रक्तस्राव दिसला नाही. तिला दुखत नाही असा अर्थ त्यातून काढणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तो आपल्या समाजात रोज होतो. गोळ्या थांबवल्या की पहिले काही दिवस डोकं आधीपेक्षाही जोरात उठतं. दोन ते दहा दिवसांत हा जोर ओसरतो. हे आधी सांगितलेलं असेल तर माणूस तग धरतो. सांगितलं नसेल तर तिसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जातो.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या जिल्ह्यातल्या शेतांत एक वेगळीच डोकेदुखी येते. मानवत, सेलू, पाथरी, जिंतूरकडे कापूस छातीला लागलेला असतो. पाठीवर फवारणीचा पंप, त्याच्या झाकणातून पाझरणारं द्रावण सदऱ्यातून पाठीवर उतरतं. औषध बादलीत काठीने ढवळलेलं, कधी हाताने. तोंडात तंबाखूची गोळी, तीही त्याच हाताने मळलेली. वारा फिरला की फवारा स्वतःच्याच तोंडावर. संध्याकाळी डोकं दुखतं, मळमळतं, अंगाला घाम सुटतो, नजर धूसर होते, आणि घरचे म्हणतात ऊन लागलं. ऊन लागलेलं नसतं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं कातडीतूनही अंगात जातात आणि नसांचा संदेश थांबवणारं कोलिनएस्टरेज नावाचं विकर निकामी करतात. मग लाळ गळते, छाती आवळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. डोकेदुखी हा त्याचा पहिला, सौम्य वाटणारा इशारा असतो.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. कापूस तोच, महिने तेच, फवारणीची पद्धतही आपलीच. परभणीच्या फवारणी करणाऱ्या मजुराने ती घटना परक्या जिल्ह्याची समजू नये. डब्यावरच्या चौकटीतला लाल त्रिकोण अति विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि हिरवा. वाचता येत नसलं तरी रंग कळतो. फवारणीनंतर डोकं दुखलं तर गोळी आणि बाम यांच्या आधी कपडे काढायचे, साबणाने अंघोळ करायची, आणि मळमळ किंवा धूसर दिसणं सोबत असेल तर औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. कोणतं विष हे डॉक्टरला कळलं तर अॅट्रोपिनसारखा उतारा वेळेत देता येतो.

खरं ऊन लागणं एप्रिल-मेचं. पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातात, आणि नुसतं पाणी पिऊन डोकं उतरत नाही. मीठ घातलेलं ताक, पन्हं, किंवा एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी हे काम करतं. घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर तो उष्माघात आहे आणि तिथे घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नये.

रक्तदाबाचा गैरसमज दोन्ही बाजूंनी घातक आहे. थोडा वाढलेला दाब सहसा डोकं दुखवत नाही. 180/120 च्या पुढे झपाट्याने गेला तर दुखवू शकतो. म्हणून डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असं समजून गोळी बंद करणारा माणूस पक्षाघाताच्या दिशेने चाललेला असतो. चष्म्याचं दुखणं वाचनानंतर, शिलाईनंतर कपाळात येतं आणि सकाळी उठताना नसतं. ते तपासायला वेळ लागत नाही, पण नवा चष्मा लागूनही डोकं थांबलं नाही तर पुढचं कारण शोधावं.

पंडुरोगाचं, म्हणजे रक्त कमी असण्याचं, तसं नाही. तो मुकाट्याने असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलेल्या बाईचं डोकं जड राहतं, चढण चढताना धाप लागते, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. परभणीला या बाबतीत अभिमान वाटावा असं एक काम इथल्याच मातीत झालं आहे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेसोबत ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण 2018 मध्ये दिला. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण 30 मिलिग्रॅम लोह असतं, यात सुमारे 45. एका वाणाने पंडुरोग हटणार नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतील. पण भाकरी रोजची आहे, आणि जेवणाला लागूनच चहा घेतला नाही तर तिच्यातलं लोह अंगी जास्त लागतं.

सगळ्यांत जास्त काळजी करावी अशी जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. डोकेदुखीची इतकी कारणं एका छपराखाली क्वचित जमतात. दारं-खिडक्या बंद, वारा लागू नये म्हणून कानाला फडकं, बाजेखाली कोळशाची शेगडी, ओव्या-शेपाची धुरी. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याचं पहिलं लक्षण डोकेदुखीच असतं. रक्त आधीच गेलेलं. झोप तुकड्यातुकड्यांची. सिझेरियन कमरेत सुई देऊन झालं असेल, तर उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं एक वेगळंच दुखणं काही दिवस राहू शकतं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पाणी तोडणं. पाणी जास्त प्याली तर पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल, म्हणून तिला मोजून पाणी दिलं जातं.

बाळंतपणानंतर रक्त आपसूकच लवकर गोठण्याच्या स्थितीत असतं. त्यात पाणी तुटलं की मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गाठ बसण्याचा धोका वाढतो. मदुराईचे डॉ. के. श्रीनिवासन यांनी गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या मेंदूतल्या रक्तगाठींच्या 135 रुग्णांचा अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध केला होता. भारतातल्या डॉक्टरांना हा आजार चांगला परिचयाचा आहे. सुरुवात डोकेदुखीने होते, दिवसागणिक ती वाढते, मग उलट्या, आकडीचे झटके, एका हाताची ताकद जाणं. याच काळात रक्तदाब अचानक चढूनही झटके येतात, अगदी आधी दाब नॉर्मल असलेल्या बाईलाही. गावात मात्र झटका आला की वाऱ्याचं झालं म्हणतात, आणि हातचा वेळ निघून जातो. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत डोकं जोरात दुखलं तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा, आणि झटका आला तर 108 ला फोन करावा. आशाताईंनी आणि घरातल्या थोरल्या बायकांनी एवढं मनावर घेतलं तर जीव वाचतील. बाळंतिणीला तहानेपुरतं नव्हे, भरपूर पाणी द्यावं. दूधही त्यातूनच येतं.

बाकी धोक्याच्या खुणा थोड्याच आहेत. क्षणात टोकाला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापासोबत आखडलेली मान. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, नजर जाणं. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत गेलेलं दुखणं. यांत घरी थांबू नये. पण वर्षानुवर्षं येणाऱ्या, मधल्या दिवसांत पूर्ण थांबणाऱ्या डोकेदुखीत मेंदूची गाठ निघणं फार दुर्मीळ आहे, आणि त्या भीतीने पहिल्याच भेटीत स्कॅनवर हजारो रुपये घालण्याची गरज नसते.

डॉक्टरला खरी मदत भिंतीवरच्या दिनदर्शिकेची होते. 1973 पासून ‘कालनिर्णय’ मराठी घरांत आहे आणि तिच्या रकान्यांत दुधाचा, गॅसच्या टाकीचा, पाळीचा हिशेब बायका लिहितच आल्या आहेत. त्याच रकान्यात डोकं दुखलं त्या दिवशी एक फुली, गोळी घेतली तर फुलीखाली रेघ, आणि उपास, न्हाणं, फवारणी, जागरण यांतलं काही झालं असेल तर एखादं अक्षर. दोन महिन्यांची ही पानं दवाखान्यात नेली, की पाच मिनिटांच्या तपासणीत दहा प्रश्नांची उत्तरं मिळतात: फुल्या पाळीभोवती आहेत की संकष्टीला, रेघा महिन्यात दहाच्या पुढे गेल्या आहेत का. महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस कामाचे जात असतील, तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. प्रोप्रानोलॉल, अॅमिट्रिप्टिलिन ही त्यांतली जुनी आणि स्वस्त. दमा असलेल्याला प्रोप्रानोलॉल चालत नाही, म्हणून ती डॉक्टरनेच निवडायची. त्यांचा गुण यायला दोन महिने लागतात. आठवड्यात फरक पडला नाही म्हणून पुष्कळजण ती मध्येच सोडतात. तेव्हा औषध सुरू झाल्यावरही फुल्या मारणं चालू ठेवायचं, कारण औषध लागू पडतंय का हे डॉक्टरला तिथूनच कळतं.